बनाचं दुखणं

सांगवी, ११ जून १९३४

आजपासून ही वही. ट्रेनिंग कॉलेजात आमचे गुरुजी सांगायचे, शिक्षकाने रोजनिशी ठेवावी. इतकी वर्षं ठेवली नाही, कारण लिहावं असं काही घडलं नाही. शाळा, घर, मळा. मळ्यात वांगी आणि पेरू. आता घडलं आहे. बना तीन महिने बाहेर बसलेली नाही, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या मोरीत जाऊन ओकते. लग्नाला सात वर्षं झाली. आईने तर आशा सोडली होती. काल तिने शेजारच्या सारजाकडून चिंचा मागवल्या आणि बनापुढे ठेवल्या. बनाने खाल्ल्या नाहीत. म्हणाली, "डोकं लई दुकतंय." आई म्हणाली, "दुकायचंच. पहिलटकरणीला समदं हुतं."

मुलगा झाला तर त्याला पुण्याला शिकवीन. मुलगी झाली तरी शिकवीन. बनाला मी अक्षरं शिकवली तेव्हा गाव हसला होता; आता हसणार नाही.

२९ जून

आज गंमत झाली. बना चुलीपाशीच बसली होती आणि दूध उतू जाऊन, आटून, पार जळलं. शाळेतून येताना वास मला सारजाच्या दारापर्यंत आला. आत गेलो तर ही शांत बसलेली. "अगं, वास आला नाही का?" तर म्हणते, "न्हाय." आई आधी चिडली, मग हसली. म्हणाली, पोटुशीचं नाक असंच, एकीला सगळ्याचा वास येतो, एकीला कशाचाच नाही. मला हे ठाऊक नव्हतं.

१४ ऑगस्ट, नागपंचमी

गावातल्या सगळ्या बाया झोके खेळायला गेल्या. दर वर्षी फेरात बनाचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. यंदा बोलवायला आल्या तर भिंतीला टेकून बसली होती, तशीच बसली. सारजा म्हणाली, "चल की गं, नुस्ती बघ तरी." बना म्हणाली, "काय बगायचं."

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "पाचवा सरला. पोट कुटं दिसतंय?"

२ सप्टेंबर

बारामतीहून सुईण चंद्राबाई आली. बनाला आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन हात धुतले आणि मला सरळ म्हणाली, "मास्तर, पोटात काय न्हाय. कवाच नव्हतं."

आईचं बोलणं इथे लिहवत नाही. खोटारडी म्हणाली, आणखीही म्हणाली. बना ऐकत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "असं का केलंस? का खोटं बोललीस?"

"मी कुटं काय म्हनले? तुमीच म्हनला."

हे खरं आहे, आठवून पाहिलं तर ती स्वतः एकदाही म्हणाली नव्हती. पण त्या वेळी मला तिचा फार राग आला.

२१ सप्टेंबर

सारजाचा नवरा म्हस्कू गेला. मेंढरं घेऊन फलटणच्या बाजूला गेला होता, तिथेच तापाने गेला. आम्ही सगळे तिच्या दारात होतो. सारजा जमिनीवर डोकं आपटत होती आणि बना तिच्याकडे पाहून हसली. लोकांनी पाहिलं. मी तिला दंडाला धरून घरी आणलं आणि मारलं. एकच, पण मारलं. आजपर्यंत कधी हात उचलला नव्हता.

ती म्हणाली, "का वो?"

येताना चौकटीला धडकली होती, त्याची खोक कपाळावर आहे. लोकांना वाटेल तीही मीच केली.

२८ ऑक्टोबर

आईने दुसऱ्या लग्नाचं काढलं. डाळजच्या जोतीरामची मुलगी आहे, झुंबर नावाची, सोळा वर्षांची. आई म्हणते, हिला टाकू नको, दोघी राहतील, पण वंशाला दिवा नको का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

बना हल्ली ताट समोर ठेवते ते माझ्यापासून वीतभर लांब. मुद्दाम करते असं आई म्हणते. मलाही तसंच वाटू लागलं आहे.

९ नोव्हेंबर, भाऊबीज

बावड्याहून बनाचा भाऊ सोपान तिला न्यायला आला. दर वर्षी येतो, चार दिवस नेतो. आज आईने बनाची सगळी लुगडी गाठोड्यात बांधून गाडीत ठेवली. सोपान गाठोड्याकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, "दाजी, एवढं कशाला?" मी म्हणालो, थंडी आहे. लाज वाटली मला. त्याने बैल जुंपले.

गाडी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभा होतो. तिने एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. सात वर्षांचा संसार, आणि वळूनही पाहिलं नाही. त्यानंतर मन घट्ट केलं.

२५ नोव्हेंबर, डाळज

सुपारी फुटली. माघात लग्न. मुलगी मान खाली घालून होती, चेहरा नीट पाहिला नाही. जेवण गोड लागलं नाही.

१६ डिसेंबर

आज रविवार, मी शाळेतच वह्या तपासत होतो. सोपान आला. बावड्याहून सायकल मारत आला होता. पाणी दिलं, ते प्याला आणि म्हणाला, "दाजी, बना आंधळी झालीया."

मला कळलंच नाही. तो सांगत गेला. परवा भर दुपारी ती मळ्यात पाटाच्या काठाने चालत होती आणि सरळ पाण्यात पडली. विचारलं तर म्हणाली, पाट दिसला नाही. मग रावजीआबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्या तोंडासमोर हात हलवला. डाव्या डोळ्याने काही नाही, उजव्याने धुरकट. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारामतीला डॉक्टर खांबेट्यांकडे न्या, त्यांच्याकडे डोळ्याच्या आतलं बघायचा आरसा आहे.

"कवापास्नं दिसत न्हाय असं इचारलं," सोपान म्हणाला, "तर म्हनती, पंचमीपास्नं. सांगितलं का न्हाय, तर म्हनती, कुनी इचारलं न्हाय."

मग खाली बघून म्हणाला, "डाळजचं आमाला कळलंय. त्याचं मी बोलत न्हाय. पर डाक्तर म्हनला नवऱ्याला आना."

१८ डिसेंबर, बारामती

डॉक्टर खांबेटे वयस्कर आहेत, हळू बोलतात. त्यांनी खोली अंधारी करून दिवा लावला आणि मधोमध भोक असलेल्या आरशातून बनाच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. मग तिचे डोळे बांधून नाकाखाली एक एक बाटली धरली. लवंगेचं तेल, हिंग, कापूर.

"कसला वास आहे, बाई?"

"कसलाच न्हाय."

मग मला प्रश्न विचारले. डोकं कधीपासून दुखतं, सकाळी जास्त का, उलट्या होत्या का, पाळी कधी बंद झाली, वागणं बदललं का, हसणं-रडणं वेळेवर असतं का. मी एकेकाला हो म्हणत गेलो. दूध जळलं ते सांगितलं. म्हस्कूच्या मयताला हसली तेही सांगितलं. मारलं हे सांगितलं नाही.

ते म्हणाले, "मास्तर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली गाठ आहे, असा माझा तर्क आहे. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या नसांच्या वर. वास गेला तो तिने, दृष्टी जाते आहे ती तिने, पाळी गेली तीही तिनेच. माणसाचा स्वभावसुद्धा तिथेच असतो."

मी म्हणालो, "आम्हाला वाटलं, दिवस गेलेत."

"कोणालाही वाटलं असतं," ते म्हणाले. मुंबईच्या सर्जनसाहेबांना चिठ्ठी लिहून दिली.

बना बाहेर बाकावर बसली होती. मी जवळ गेलो, तर माझ्या पावलांकडे कान करून तिने विचारलं, "सोपान का?"

२० डिसेंबर

डाळजला जाऊन जोतीरामला सांगितलं, लग्न होणार नाही. तो म्हणाला, "आमच्या पोरीचं नाव गावात झालं, त्याचं काय करू?" आई माझ्याशी बोलत नाही.

१७ जानेवारी १९३५, मुंबई

बारामतीहून छोट्या गाडीने दौंड, तिथून मोठी गाडी. मी, सोपान आणि बना. ती वाटभर झोपून होती. इस्पितळात कवटीचा एक्स-रे फोटो काढला. सर्जनसाहेब विलायतेत शिकून आलेले आहेत, मराठी मोडकं बोलतात. फोटो काचेवर धरून त्यांनी हाड खाल्लेली जागा दाखवली. मला नुसतं ढग भरून आल्यासारखं दिसलं.

मी विचारलं, "अशी किती माणसं आपण केलीत?"

"सात."

"त्यांतली किती आहेत?"

"दोन," ते म्हणाले. "खोटं सांगणार नाही. केलं नाही तर उन्हाळ्यापर्यंत ही आंधळी आणि बेशुद्ध होईल. केलं तर टेबलावरही जाऊ शकते."

सोपान म्हणाला, "दाजी, तुमी मालक, तुमी ठरवा." मालक हा शब्द मला लागला. सही केली.

२२ जानेवारी

नर्सने बनाचे केस काढले. गुडघ्याला लागणारे केस होते. सोपानने ते धोतराच्या सोग्यात बांधून घेतले. बनाने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हणालो, "परत येतील." हे कोणाला सांगत होतो कोण जाणे.

२३ जानेवारी

सकाळी आठला आत नेलं. पूर्ण गुंगी देत नाहीत. कातडी बधिर करतात आणि माणूस जागाच असतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कवटीचा तुकडा खिडकीसारखा उघडतात. मधूनमधून नाव विचारत होते, असं नर्स सांगते. एकदा तिने "बना" सांगितलं, एकदा "बनाबाई रामहरी, सांगवी". एकदा म्हणाली, "पाट फोडला का रं, सोपान?"

सोपान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दीडला सर्जनसाहेब बाहेर आले. अंगरखा रक्ताने भिजलेला. गाठ निघाली, लहान पेरूएवढी होती. कॅन्सरची जात नव्हे, सावकाश वाढणारी. चार-पाच वर्षं तरी असावी. पण रक्ताच्या एका मोठ्या नळीला चिकटलेला नखाएवढा भाग तसाच ठेवावा लागला. तो ओढला असता तर ती तिथेच गेली असती.

चार-पाच वर्षं. म्हणजे पाळणा हलत नाही म्हणून आई नवस करत फिरत होती तेव्हाही ती गाठ होतीच.

२७ जानेवारी

तीन दिवस ताप होता. आज उतरला. मी चमच्याने पाणी पाजत होतो. डोळ्यांवर पट्टी, डोक्याला हे एवढं बांधलेलं. तिने माझं मनगट चाचपलं, ओळखलं. आवाज वर्षभरात ऐकला नव्हता असा. तिचा स्वतःचा.

म्हणाली, "अवो, काय झालं?"

मी म्हणालो, "चांगलं झालं. गाठ काढली."

"न्हाय वो. काय झालं? पोरगा का पोरगी?"

मी वाटी खाली ठेवली. सोपान उठून बाहेर गेला. मी तिला सांगितलं. किती आणि कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे नव्हतंच."

"नव्हतं."

"म्या डोकं दुकतंय म्हनलं तवा तुमी आयकलं न्हाय. मग मलाच वाटाय लागलं, आसंल."

१० फेब्रुवारी

बना परत आली आहे. दुसरा शब्द नाही मजजवळ. डाळ पाणचट म्हणून आयाला बोलते, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ओव्या म्हणून दाखवते, सोपानच्या घोरण्याची नक्कल करते. मी इतका आनंदलो होतो की सर्जनसाहेबांचे पाय धरले.

आज डोळ्यांची पट्टी कायमची काढली. तिला काही दिसत नाही. उजेड कुठे आहे एवढंच उजव्याने कळतं. साहेब म्हणाले, नसा सुकल्या, त्या आता हिरव्या होणार नाहीत. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात आणलं असतं तर कदाचित एक डोळा राहिला असता."

मागच्या पावसाळ्यात मी या वहीत गंमत लिहीत होतो.

संध्याकाळी बनाने विचारलं, "डाळजची पोरगी कशी हाय?"

तिला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, ते मोडलं. "मोडलं म्हंजे तिचं काय? तिनं काय पाप केलं?" मग म्हणाली, "तिला चांगलं ठिकान बगून द्या. तवर मी सांगवीला येनार न्हाय. बावड्याला ऱ्हाईन."

९ मे, डाळज

झुंबरचं लग्न लागलं. माझा मावसभाऊ मानसिंग याच्याशी. त्याची स्वतःची पेरूची बाग आहे, माणूस शांत. तीन महिने मी या दोन घरांत खेटे घातले. जोतीरामने आज मला पानाचा विडा दिला. हे बनाचं काम, माझं नव्हे.

१२ मे

बनाला घरी आणलं. केस बोटभर आले आहेत. पाय धुवायला आईने पाणी ओतलं आणि तांब्या तिच्या हातातून पडला.

१ जून

घर तिने बोटांनी पाठ केलं. भाकरी थापते, आई भाजते. वांगी चाचपून कोवळी-जून निवडते, आणि चुकत नाही. दुपारी मुली ओव्या शिकायला येतात.

काल मला म्हणाली, "तुमी मारलंवतं."

मी म्हणालो, "हो."

"तुमच्या मारन्याचं काय वाटलं न्हाय. सारजा रडत हुती आन मला रडू येईना. आत काय उमटतच नव्हतं. मला वाटायचं, मी वाईट बाई झाले. कुनाला सांगू?"

मी तिचा हात हातात घेतला. म्हणालो, माझं चुकलं, तू खोटी नव्हतीस. ती म्हणाली, "व्हय. आता सारजाकडं न्या मला." नेलं. दोघी दिवस मावळेपर्यंत रडत बसल्या. म्हस्कूला जाऊन आठ महिने झाले होते.

११ जुलै

आज सकाळी बनाला फेफरं आलं. थोडा वेळच. डॉक्टर खांबेट्यांनी ब्रोमाइड दिलं. म्हणाले, डोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर येतात, घाबरू नका. पण मला बाहेर बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो का ठेवला?

१८ ऑगस्ट

काल दुपारपासून फेफरं थांबत नाही. एक सरतं तोवर दुसरं. ताप फार आहे. डॉक्टर इथेच आहेत. सोपानला निरोप धाडला.

२३ ऑगस्ट

बना एकोणीस तारखेला दुपारी गेली. सोपान पोहोचला होता. शुद्धीवर आली नाही.

१४ सप्टेंबर

मुंबईहून सर्जनसाहेबांचं छापील कार्ड आलं. शस्त्रक्रिया झालेल्यांची हकिगत ते दर सहा महिन्यांनी मागवतात. प्रश्न इंग्रजीत आहेत, मी उत्तरं लिहायला बसलो.

रोगी जिवंत आहे काय? नाही. १९ ऑगस्ट, फेफऱ्याने.

दृष्टी सुधारली काय? नाही.

घरकाम करीत होता काय? होय.

स्वभाव पूर्ववत झाला काय? इथे जागा दोन बोटांची आहे. मी लिहिलं, घरी होती तेवढे दिवस, बारा मे ते सतरा ऑगस्ट, पूर्ण. नंतर वाटलं की हे त्यांना कळणार नाही, म्हणून पुढे लिहिलं, माझ्यापेक्षा चांगला.

शेवटचा प्रश्न होता : शस्त्रक्रियेचा उपयोग झाला, असे कुटुंबास वाटते काय? त्यावर लेखणी अडली. नखाएवढा तुकडा राहिला म्हणून ती गेली. डोळे गेलेच. सातांतले दोन होते, आता आठांतले दोन. आई जवळ शेंगा फोडत बसली होती. तिने विचारलं, "काय इचारत्यात?" मी सांगितलं.

तिने हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "तुला ठावं न्हाय. आखाडात एकदा तू शाळंत हुतास. मी तिच्याफुडं बसले आन म्हनलं, बना, माझी जीभ झडली न्हाय त्या दिशी, झडाय पायजेल हुती. तर तिनं माझं त्वांड चाचपलं. असं, कपाळापास्नं हनवटीपातूर. म्हनली, आत्याबाई, किती वाळला वो तुमी." आईने सूप बाजूला सारलं. "त्यांनी कापलं नस्तं तर कुनाची माफी मागनार हुते मी? तिला कळलं तरी असतं का? व्हय म्हून लिव."

मी होय लिहिलं.